मेणबाईची चूक

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीबाहेर कुणी घेत नसे. सगळे तिला मेणबाई म्हणत. आणि गंमत म्हणजे हे नाव तिला कामावर मिळालेलं नव्हतं, घरात मिळालं होतं; दिलं होतं तिच्या थोरल्या जावेनं. लग्नानंतर पहिल्यांदा कामावर जाऊन परतली, तेव्हा हिच्या नखांच्या कडेनं पांढरं मेण चिकटलेलं आणि केसांना रसायनांचा उग्र वास. जाऊ दारातच नाक धरून उभी राहिली आणि म्हणाली, आल्या का मेणबाई, आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. नव्या सुनेचं तोंड एवढंसं झालं. पुढे एकदा जाऊ विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात गेली, तिथेही सगळ्यांदेखत तिनं त्याच नावानं हाक मारली, आणि मग ते नाव कायमचं झालं.

तिचं काम काय, हे आधी सांगून टाकायला हवं. बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि माहीत झालं की लोक म्हणतात, जेवताना हा विषय नको. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे, तळमजल्यावर पॅथॉलॉजीचा विभाग होता. वर शस्त्रक्रियेत माणसाच्या अंगातून जे काही काढलं जाई ते बरणीत घालून खाली येई. विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यातला नेमका तुकडा कापून द्यायच्या. तो तुकडा रात्रभर यंत्रात एकेका द्रवातून फिरून घट्ट होई आणि सकाळी मेणबाईच्या हाती येई. ती तो वितळलेल्या मेणात बसवायची. मेण थिजलं की त्याचा ठोकळा व्हायचा. त्याला तिथे ब्लॉक म्हणत. मग यंत्राच्या पात्यावर त्या ब्लॉकचे काप काढायचे, इतके पातळ की एखादा वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता यावीत. काप कोमट पाण्यावर सोडायचे, म्हणजे त्यांच्या सुरकुत्या जातात. पाण्यावरून अलगद काचेवर उचलायचे, निळ्या-गुलाबी रंगांत बुडवायचे आणि काच मॅडमच्या टेबलावर ठेवायची. मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून सांगत, गाठ साधी की वाईट. वरचे सगळे डॉक्टर आणि त्यांच्या दारात बसलेले नातेवाईक त्या एका शब्दासाठी खोळंबलेले असत.

काप काढण्यात मेणबाईचा हात धरणारं विभागात कुणी नव्हतं. शेजारच्या यंत्रावर बसणारा चष्मेवाला तिच्याइतकाच जुना, पण त्याच्या कापांना घड्या पडत, आणि मग तो पात्याला शिव्या घालायचा. मेणबाई कशालाच शिव्या घालत नसे. तिच्या काचा स्वच्छ, काप सरळ, कुठे चीर नाही की बुडबुडा नाही. इतक्या वर्षांत तिची काच मॅडमकडून परत आली असं झालं नव्हतं, आणि याचा तिला गर्व होता. एरवी बाई गरीब स्वभावाची, पण त्या बाबतीत नाही. दुसऱ्या कुणाकडून चूक झाली की ती काही बोलायची नाही, फक्त बघायची, आणि त्या माणसाला तेवढं पुरायचं.

रोगांची तिला सवय होऊन गेली होती. नेहमीचे पाहुणे नेहमी येत. खड्यांनी भरलेलं पित्ताशय, सुजलेलं अपेंडिक्स, गर्भाशयातल्या पांढऱ्या टणक गाठी, पाठीवरची चरबीची पिवळी गाठ, मानेतली टीबीची गाठ, जी कापली की आतून ओल्या खडूसारखी निघते. ही मंडळी साधी. यांच्याबद्दल बोलताना विभागात कुणी आवाज खाली आणत नसे. मग दुसरी मंडळी. तंबाखूनं पोखरलेलं गालाचं मांस. दारूनं खडबडीत झालेलं यकृत. दगड फोडत आयुष्य काढलेल्या माणसाचं काळं, जड फुफ्फुस. आतड्यातल्या, स्तनातल्या त्या गाठी, ज्या मॅडमच्या सुरीखाली वाळू लागल्यासारख्या कुरकुरत. मेणबाई नुसता ब्लॉक हातात घेऊन रोग सांगायची असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. मेणात बसल्यावर सगळं सारखंच दिसतं. ओळखणं हे मॅडमचं काम, आणि ते त्यांनाच येत होतं.

मेणबाईला नाद होता तो कारणांचा. मॅडम शिकाऊ डॉक्टरांना समजावून सांगत तेव्हा ही यंत्राचा दांडा फिरवता फिरवता कान तिकडे लावून बसायची. तंबाखू, दारू, धूळ, जंतू, घराण्यातून आलेला दोष. ज्याचं कारण कळलं त्या रोगाची तिला भीती वाटत नसे. कारण टाळलं की झालं, असा तिचा साधा हिशोब. घरी जाऊन ती मोठ्या दिरांची तंबाखूची डबी फेकून द्यायची, आणि दीर मुकाट्यानं नवी आणायचे. पण कित्येकदा एखादा शिकाऊ डॉक्टर विचारे, या बाईला कशामुळे झालं? आणि मॅडम म्हणत, सांगता येत नाही. पेशी वाढताना चुकते, आणि चुकायला दर वेळी कारण लागतंच असं नाही. हे उत्तर मेणबाईला मुळीच पटत नसे. तिच्या लेखी चूक म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा. कुणी नीट लक्ष दिलं असतं तर झाली नसती.

घरात ती, तिची मुलगी, मोठे दीर आणि थोरली जाऊ. नवरा परमुलखात बांधकामावर होता, वर्षातून एकदा यायचा आणि आला की पाहुण्यासारखा वागायचा. दीर बस चालवत. घर सगळं जावेच्या हातात. दोन जावा म्हटल्या की लोक भांडण गृहीतच धरतात, आणि पहिली काही वर्षं या दोघींनी लोकांना निराश केलं नाही. कपडे कुणी वाळत घालायचे यावरून, दूध उतू गेलं त्यावरून, मी काही इथली मोलकरीण नाही यावरून. मग मेणबाईला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपत आली तशी घरातला जो तो तिला नोकरी सोड म्हणू लागला. त्यात नवऱ्याचा फोनही आला. जावेनं बाळ हिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि म्हणाली, तू जा, तुझं काम या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मला येतं. त्यानंतरही त्या भांडत, पण ते भांडण जेवणातल्या मिठासारखं झालं, नसलं की दोघींना चुकल्यासारखं वाटायचं. मुलगी आई म्हणायला शिकली ती जावेलाच. मेणबाईला चार दिवस वाईट वाटलं आणि नंतर सोय वाटली.

जावेची गाठ हाताला लागली ती कपाटाच्या दाराच्या निमित्तानं. उघड्या दाराचा कोपरा छातीला लागला, दुखलं म्हणून तिनं चाचपून पाहिलं, तर आत काहीतरी टणक. तिनं ठरवून टाकलं की हा मुका मार आहे, आपोआप जिरेल. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं, मलम चोळलं, कुणाला काही सांगितलं नाही. दीर म्हणजे आधीच घाबरट, त्यांना सांगून काय मिळणार होतं. हिवाळा गेला, उन्हं तापायला लागली, तरी मार काही जिरेना. एके दिवशी मेणबाई खोलीत शिरली तेव्हा जाऊ आरशासमोर उभी राहून तीच जागा दाबून बघत होती. मेणबाईनं काही न विचारता स्वतःची बोटं पुढे केली. साधी गाठ बोटांखालून निसटते. म्हणून मॅडम अशा गाठीला उंदीर म्हणत. ही निसटत नव्हती. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचंय, एवढंच ती म्हणाली, आणि जाऊ शब्दाला शब्द न वाढवता हो म्हणाली. तेच मेणबाईला जास्त लागलं.

वरच्या डॉक्टरांनी जाड सुईनं गाठीतले दोऱ्यासारखे बारीक तुकडे काढले. जावेनं हूं की चूं केलं नाही. मात्र बरणी खाली न्यायची वेळ आली तेव्हा तिनं मेणबाईचं मनगट धरलं.

"हे तूच कापायचंस. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

आता विभागात एक रिवाज होता. घरच्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळे पाळत. चष्मेवाल्याच्या वडिलांच्या पोटातली गाठ आली होती तेव्हा तो आपणहून उठून बाहेर चहा प्यायला गेला होता आणि ती मेणबाईनं कापली होती. आता चष्मेवाला म्हणाला, आण इकडे, मी करतो. मेणबाई म्हणाली, मी शब्द दिलाय. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. त्याला हे पटलेलं नव्हतं, पण कापाकापीच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप होती?

तर ते तिनंच कापलं. आधीचे, नंतरचे, सगळे ब्लॉक नेहमीच्या शिस्तीत झाले, काचा रंगून मॅडमच्या टेबलावर गेल्या. फक्त नंतर तिला त्या सकाळचं काही म्हणता काही आठवेना, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

शनिवारी दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं. मॅडम कधी कुणाला बस म्हणत नसत. मॅडमनी आडवळण घेतलं नाही. काचेवरचे बहुतेक तुकडे साधे दिसताहेत, त्या म्हणाल्या, नुसती चरबी आणि धागे. पण कडेला एक लहानसा तुकडा आहे आणि तो कॅन्सरचा आहे, त्यात शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की तो तुझ्या जावेचा आहे का. बाकीच्यांपासून तुटून तो बाजूला पडलाय. मग त्यांनी विचारलं, हिच्या आधी कोणता ब्लॉक कापलास?

आधीचा ब्लॉक एका अनोळखी बाईच्या स्तनातला होता, आणि त्या बाईचा कॅन्सर आधीच ठरून गेलेला होता. तेवढं मात्र मेणबाईला लख्ख आठवलं. मॅडमना काय म्हणायचंय ते तिला कळायला वेळ लागला नाही.

ही चूक त्या खोलीबाहेरच्या कुणाच्या हातून होऊच शकत नाही. कोमट पाण्याच्या एकाच भांड्यावर एकामागून एक सगळ्यांचे काप तरंगतात. एकाचा काप काचेवर उचलला तरी मागे पाण्यावर त्याचे बारीक कण उरतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. म्हणून दर ब्लॉकनंतर टिपकागद फिरवून पाण्याचा वरचा थर टिपून घ्यायचा. याला तिथे नुसतं पाणी पुसणं म्हणत. नव्यानं आलेल्या माणसाला याचं हसू येई. फरशी पुसतात, ओटा पुसतात, पाणी कुणी पुसतं का? पण ते राहिलं तर एकाच्या अंगातला कण तरंगत येऊन दुसऱ्याच्या काचेवर चढतो, आणि धडधाकट माणसाला निव्वळ कागदोपत्री कॅन्सर होतो.

मेणबाई पाणी पुसायची. नेहमी. पण हाताच्या सवयीचं काम केल्याचं कुणाच्या लक्षात राहतं? घराबाहेर पडल्यावर दार लावलं की नाही हे जसं आठवत नाही, तसंच ते. त्या अनोळखी बाईच्या आणि जावेच्या ब्लॉकच्या मधे आपण कागद उचलला होता का, हे ती मॅडमसमोर बसून आठवत राहिली. काही दिसेना. दुसऱ्या कुठल्याही दिवशी असं कुणी विचारलं असतं तर ती तडकली असती. आज ती म्हणाली, "मॅडम, मी पाणी पुसलं नव्हतं."

"नक्की?"

"नक्की. जाऊबाईंचा ब्लॉक घ्यायची घाई झाली होती. राहूनच गेलं."

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आज यंत्रं बंद झाली आहेत. सोमवारी चष्मेवाल्याकडून तोच ब्लॉक आणखी खोल कापून घेऊ. कण पाण्यातून आला असेल तर ब्लॉकमध्ये त्याचा मागमूस नसेल. तिचा असेल तर सापडेल. आणि तोपर्यंत घरी एक अक्षरही बोलायचं नाही. मेणबाई मान हलवून बाहेर पडली. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात धुळीला मिळवून ती आली होती, आणि एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता. धुलाईघरासमोर वाळत घातलेल्या चादरींमधून ती जवळजवळ पळतच बस थांब्यापर्यंत गेली.

तोंडाला कुलूप घालायचा तिचा बेत होता, हे मान्य करायला हवं. पण जाऊ दारातच उभी होती. डोळे खोल गेलेले, वेणीसुद्धा घातलेली नाही. एरवी सतरा प्रश्न विचारणारी बाई एकही प्रश्न न विचारता नुसती हिच्या तोंडाकडे बघत राहिली. मेणबाईला ते बघवेना. ती एका दमात सगळं बोलून गेली. काचेवर एक वाईट तुकडा निघालाय, पण तो तुमचा नाही, दुसऱ्या बाईचा आहे, माझ्याकडून पाणी पुसायचं राहिलं, चूक माझी आहे, सोमवारी पुन्हा कापून बघणार आहेत. यात 'बहुतेक' हा शब्द आपण घातला होता की नाही, हे तिला नंतर आठवून आठवून आठवलं नाही.

जावेला पाण्याचं काही कळलं नाही. चूक झाली आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे, एवढं कळलं. ती तिथेच मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. मग उठली, तोंड धुतलं, वेणी घातली, आणि त्यानंतर तिचं तोंड जे सुटलं ते रविवारभर थांबलं नाही. तिनं भावाला फोन केला, शेजारणीला जिन्यात गाठलं, दुकानदारालासुद्धा सोडलं नाही. सगळ्यांना एकच सांगायची: आमच्या मेणबाईंनी मला कॅन्सर लावला होता हो, बरं झालं मॅडमच्या लक्षात आलं. शेजारीण मेणबाईकडे जरा रागानंच बघायला लागली. दिरांनी आनंदाच्या भरात तंबाखू सोडायची शपथ घेतली आणि ती संध्याकाळपर्यंत पाळली. जावेनं सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या, सुताराला बोलावून कपाटाच्या दाराचा तो कोपरा घासून गोल करून घेतला, आणि मुलीला घेऊन चपलांच्या दुकानात गेली. परत आल्यावर मेणबाईला म्हणाली, माझा जीव टांगणीला लावलास, शिक्षा म्हणून आज भांडी तुझ्याकडे.

मेणबाईनं भांडी घासली. आतल्या खोलीत मुलगी नव्या चपला घालून चालून दाखवत होती आणि जाऊ हसत होती. इतकं मोकळं हसणं त्या घरात कित्येक दिवसांत ऐकू आलं नव्हतं. ते ऐकत ऐकत मेणबाईनं शेवटचं पातेलं विसळलं, पालथं घातलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ओटा पुसून झालाय. फडकं तिच्या हातात होतं. पाण्याचा एक थेंब कुठे राहिलेला नव्हता. कधी पुसला, ते तिला आठवत नव्हतं.

ती फडकं घेऊन तशीच उभी राहिली. त्या सकाळी पाणीही असंच पुसलं गेलं असणार. आत जाऊन आत्ताच्या आत्ता सांगावं, माझं काही खरं मानू नका, असं तिला वाटलं. ती दारापर्यंत गेलीही. जाऊ जमिनीवर बसून मुलीच्या चपलेचा पट्टा लावत होती. वर बघून म्हणाली, झाली का शिक्षा भोगून? मेणबाई म्हणाली, झाली. आणि परत ओट्याशी आली.

सोमवारी चष्मेवाल्यानं तो ब्लॉक यंत्रावर चढवला. मेणबाई आपल्या जागेवर बसून होती. तिनं स्वतःचं काम सुरूच केलं नव्हतं. चष्मेवाल्यानं सुरुवातीला पाणी पुसलं आणि कागद तिला दिसेल असा धरून टोपलीत टाकला. एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा माणूस त्या दिवशी पात्यालाही काही बोलला नाही. खोल, आणखी खोल, असे काप काढले. नेमक्या त्या दिवशी त्याच्या एकाही कापाला घडी पडली नाही. काचा रंगल्या, वाळल्या, मॅडमच्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

दार उघडलं तेव्हा मॅडमनी तिला आत घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीशी बसवलं. जोडीनं बघायची ती सोय शिकाऊ डॉक्टरांसाठी होती, मेणबाई तिथे कधी बसली नव्हती. तिला निळ्या ठिपक्यांची दाटी दिसली. मॅडमनी काच हलवत हलवत दाखवलं. कडेचा तो तुकडा आता तुटका राहिला नव्हता. खोल गेल्यावर तो दोऱ्यासारख्या तुकड्याला जोडलेला दिसत होता, आणि शेजारच्या तुकड्यातही तेच ठिपके निघाले होते. पहिल्या दिवशी काप वरवरचा होता म्हणून फक्त टोक दिसलं होतं.

"तुझी चूक नव्हती," मॅडम म्हणाल्या. "तू पाणी पुसलं होतंस."

मेणबाई म्हणाली, आणखी थोडं खोल कापून बघू या का. मॅडम नाही म्हणाल्या. जेवढं शिल्लक आहे ते पुढच्या तपासण्यांना लागेल. मग मेणबाईनं विचारलं की त्यांना कशामुळे झालं असेल, तंबाखू नाही, दारू नाही, घराण्यात कुणाला नाही. मॅडमचं उत्तर तिला पाठ होतं. पण मॅडमनी ते दिलं नाही. त्यांनी काच काढून घेतली, दिवा बंद केला आणि तिला आज लवकर घरी जा म्हणून सांगितलं.

ती घरी पोचली तेव्हा मुलगी शाळेत होती, दीर कामावर. जाऊ पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. अवेळी आलेल्या मेणबाईला बघून तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"मी पाणी पुसलं होतं," मेणबाई म्हणाली.

पाण्याचं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल असं तिला वाटलं होतं. पण ते लागलं नाही.

"म्हणजे तो तुकडा माझाच."

"हो."

जाऊ चादरीची घडी घालायला लागली. टोकाला टोक जुळेना. उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिनं विचारलं, "मग नव्हतं पुसलं असं का म्हणालीस?"

मेणबाईजवळ तिला सांगता येण्याजोगी पुष्कळ उत्तरं होती. आठवत नव्हतं, गोंधळ झाला, मॅडमनाच शंका होती. तिनं त्यातलं एकही सांगितलं नाही.

"मला तसंच झालेलं हवं होतं, जाऊबाई."

जाऊ चिडली. चिडायलाच हवं होतं. म्हणाली, तुला हवं होतं म्हणून मी सगळ्या दुनियेला हसत हसत सांगत सुटले, आता त्याच लोकांकडे कोणत्या तोंडानं जाऊ? माझ्या भावानं पेढे वाटल्यासारखं केलं तिकडे, त्याला काय सांगू? मेणबाई म्हणाली, मी सांगते एकेकाला. जाऊ म्हणाली, तू नको, तुझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार. हे म्हणताना तिला कसंनुसं हसू आलं, आणि ते हसू संपायच्या आत ती रडायला लागली. मेणबाई तिच्या शेजारी बसली. तिच्या हातांना मेणाचा आणि औषधांचा वास येत होता, ती थेट कामावरून उठून आली होती, पण त्याबद्दल जावेनं काही म्हटलं नाही.

रडणं ओसरल्यावर जावेनं एकेक गोष्ट विचारून घेतली. कापून काढावं लागेल का? लागेल. सगळं? ते वरचे डॉक्टर ठरवतील. पोरीचं कोण बघणार? मी बघेन, रजा घेईन. हे ऐकून जावेनं मान हलवली, पटल्यासारखी नाही, नुसतीच. मग तिनं विचारलं, जे काढतील ते तुमच्याकडेच येणार ना खाली? त्यात कुठवर पसरलंय ते कळेल?

"कळेल. चष्मेवाला करेल ते. मी हात लावणार नाही आता. घरच्याचं कापायचं नसतं, मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"नाही. तूच काप."

"जाऊबाई, नको. माझ्याच्यानं नाही होणार."

"होईल," जाऊ म्हणाली. "तुझ्या हातून चूक होत नाही, हे आता मला ठाऊक झालंय. तूच काप."

मेणबाईनं हो म्हटलं. तिनं आपले हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली; त्या हातांचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.